खडकातील ख्रिस्तमंदिरे

वेरुळचे कैलास लेणे पाहून आलेल्या मनुष्यास खडकात देऊळ कोरणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात राहणाऱ्यास ख्रिस्तमंदिर म्हणजे काय, हेही सांगावे लागत नाही. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी १८३१ साली नगरास आली; पुढे या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून प्रार्थनामंदिरे उभी राहिली, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी भजने त्यांत गाइली जाऊ लागली. परंतु या दोन गोष्टी एकत्र करून कोणी 'खडकात कोरलेले ख्रिस्तमंदिर' असे म्हटले, की ऐकणारा क्षणभर थबकतो. असे काही जगात आहे काय? असल्यास आपल्याकडे आहे काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र दुसऱ्या उत्तरास एक पोटकलम जोडावे लागते, आणि या भाषणाचा विषय मुख्यतः ते पोटकलमच होय.

नगर शहराला लागून पुण्याच्या वाटेवर असलेल्या केडगावातून एखादा जिज्ञासू प्रवासी या शोधास निघाला आहे अशी कल्पना करावी. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. कारण ख्रिस्ती धर्माच्या संबंधात केडगावाचे नाव निघताच श्रोत्यांचे मन भलत्याच केडगावी जाऊन पोहोचते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन ज्या केडगावी आहे ते पुणे जिल्ह्यातील, दौंड तालुक्याचे. रेणुकामातेच्या देवळाचे हे नगरचे केडगाव त्याहून निराळे. असो.

या प्रवाशाने एकदम मुंबईची गाडी न धरता प्रथम आपल्याच जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वरास जाऊन यावे. पारनेर तालुक्यात, कल्याणच्या रस्त्यावर हे गाव लागते. तेथील लेणे सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचे असून शिवाचे आहे. पुढे खांबांची ओळ, आत मंडप, त्याच्या मागे गाभारा, भिंतीवर सप्तमातृकांचा पट. वेरुळच्या मानाने हे काम लहान. म्हणूनच शिकणाऱ्याच्या डोळ्यास ते सोईचे पडते. वेरुळास मनुष्य दिपून जातो आणि दिपलेल्या डोळ्यांना बारकावे दिसत नाहीत. ढोकेश्वरी मात्र लेण्याचे मूलतत्त्व निवांतपणे ध्यानात येते. गवंडी दगडावर दगड ठेवीत जातो. एखादा वाकडा बसला तर तो काढून दुसरा बसवितो. लेणे कोरणाऱ्यास ती सवलत नाही. नको असलेला दगड काढून टाकावयाचा आणि हवा असलेला राहू द्यावयाचा, एवढेच त्याच्या हाती असते. एकदा छिन्नीने उडविलेला ढलपा ब्रह्मदेवाच्या बापालाही पुन्हा जागेवर बसविता येत नाही. ही गोष्ट प्रवाशाने गाठीस बांधून ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता मुंबई. पश्चिम रेल्वेच्या बोरिवली स्थानकापासून दहिसरच्या बाजूस, पश्चिमेकडे, मंडपेश्वर नावाची लेणी आहेत. पूर्वी येथे शेते व झाडी होती. आता चहूबाजूंनी वस्ती दाटली असून मेट्रोच्या मार्गावर मंडपेश्वर या नावाचे स्थानकच झाले आहे. प्रवासी डोंगराची चढण मनात धरून येतो, आणि रस्त्याच्या कडेलाच, इमारतींच्या मध्ये, एका बुटक्या खडकाच्या पोटात लेणे उघडलेले पाहून त्याचा किंचित हिरमोड होतो. त्याने हिरमोड करून घेऊ नये. पुरातत्त्व खात्याच्या आवारात शिरून दहा पावले पुढे जावे आणि मान वर करावी. लेण्याच्या कपाळावर, खडकाच्या माथ्यावर, घडीव दगडांच्या उंच पण छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. त्या ख्रिस्ती संन्याशांच्या मठ-विद्यालयाच्या. खाली शिवालय आणि त्याच्या डोक्यावर ख्रिस्ती विद्यालयाचा भग्नावशेष, असे दृश्य महाराष्ट्रात अन्यत्र सहसा पाहावयास मिळणार नाही.

आत गेल्यावर ढोकेश्वरी घेतलेला धडा कामास येतो. मंडप, खांब, मागील भिंतीत गाभारा, ही सर्व मांडणी ओळखीची वाटते. घराणे एकच आहे. बाजूच्या दालनात नृत्य करणाऱ्या शिवाचा भव्य पट आहे. त्याचे अनेक हात मोडलेले, चेहरा झिजलेला. तरीही कमरेची लवण आणि उचललेल्या अंगाचा तोल असा काही शाबूत आहे, की मोडलेले हात पाहणाऱ्याचे मन आपोआप पुरे करून घेते. भोवती गणेश, ब्रह्मा, विष्णू आदी देवगण जमले आहेत. गाभाऱ्यात शिवलिंग असून तेथे पूजा होते. आणि मग, मूर्ती शोधीत फिरणारी दृष्टी एका भिंतीशी येऊन ठेचकाळते. तेथे मूर्ती नाही. तेथे खडकातच, उठावाने, एक मोठा क्रूस कोरलेला आहे.

हा क्रूस तेथे कसा आला, याचा इतिहास १५३४ सालापासून सांगावा लागतो. त्या वर्षी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि तिच्याभोवतालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. साष्टी बेट त्यातच आले. पोर्तुगीज शिपायांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन पंथाचे संन्यासी आले. त्यांत अंतोनिओ दो पोर्तो हा मोठा उत्साही पुरुष होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्याने मंडपेश्वराचे लेणे ताब्यात घेऊन त्याचे ख्रिस्तमंदिर केले. देवस्थानाचे उत्पन्न नव्या धर्मसंस्थेकडे वळविण्यात आले, वर विद्यालय बांधले गेले, आणि पिढ्यान् पिढ्या जेथे बेल वाहिला जात असे तेथे मेणबत्त्या जळू लागल्या. मंडपेश्वर हे नाव पोर्तुगीज जिभेवर 'मोंपेझीर' असे झाले. यातील गंमत अशी, की देव बदलला, विधी बदलला, भाषा बदलली, पण त्या मोडक्यातोडक्या उच्चाराच्या आड जुन्या ईश्वराचे नाव नव्या मालकांच्या तोंडी राहिलेच.

अंतोनिओचे हात एवढ्यावर थांबले नाहीत. जवळच्याच कान्हेरीच्या डोंगरातील मोठे चैत्यगृह, म्हणजे आजचे तिसऱ्या क्रमांकाचे लेणे, त्याने संत मायकेलाचे मंदिर म्हणून वापरात आणले. बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती ज्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंस आहेत, त्याच त्या चैत्यगृहात प्रभूची प्रार्थना होऊ लागली. दियोगो दो कोउतो नावाच्या पोर्तुगीज इतिहासकाराने या संन्याशाची एक कथा नमूद केली आहे. कान्हेरीच्या भुयारांतून दूर खंबायतपर्यंत वाट जाते अशी लोकांत वदंता होती. तिचा छडा लावण्यासाठी अंतोनिओने आणखी एक संन्यासी व वीस माणसे बरोबर घेतली. दोर, शिधा, पाणी, सर्व सरंजाम केला. आणि सात दिवस ही मंडळी खडकातल्या दालनामागून दालने हिंडत राहिली. अंत लागला नाही, तेव्हा परत फिरली. कान्हेरी पाहिलेल्या माणसास हे सात दिवस अंमळ जास्तच वाटतील. परंतु डोंगरात शंभरावर लेणी, जिन्यांनी व वाटांनी जोडलेली, आणि बरोबर बौद्ध धर्माची माहिती असणारा एकही मनुष्य नाही, अशा स्थितीत त्या युरोपीय संन्याशास काय वाटले असेल, याची कल्पना या अतिशयोक्तीवरून येते. ज्या वास्तूचे तो मंदिर करीत होता, ती कोणी व कशासाठी कोरली हे त्यास ठाऊक नव्हते.

मंडपेश्वराची गोष्ट याहून निराळी होती. तेथे शिवाची मूर्ती समोर होती, आणि ती पूज्य आहे हे त्यास पक्के ठाऊक होते. म्हणूनच काही मूर्ती छिन्नीखाली आल्या, तर काहींच्या पुढे भिंत व गिलावा करून त्या दृष्टीआड करण्यात आल्या. याला सौम्य शब्द शोधीत बसण्याचे कारण नाही. हा बळाचा उपयोग होता. राज्य ज्याचे होते त्याने दुसऱ्याचे देवस्थान घेतले. आपल्या देशात आणि इतर देशांतही निरनिराळ्या धर्मांच्या राज्यकर्त्यांनी असे केले आहे. तेवढ्याने येथील कृत्य लहान होत नाही.

तथापि आडोशाच्या भिंतीचा एक परिणाम असा झाला, की जो तिच्या मालकांच्या मनात खासच नव्हता. जे उघडे राहिले त्यावर हात पडला. जे झाकले गेले ते त्या मानाने वाचले. आज पाहणाऱ्यास जे काही दिसते, त्यातील काही श्रेय अशा रीतीने झाकणाऱ्यांच्या पदरी जाते. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेऊन साष्टीत पाय रोवले, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला. फ्रान्सिस्कनांचे राज्याश्रयाचे दिवस संपले. विद्यालयाचे छप्पर गेले, भिंती राहिल्या. परंतु साष्टी-वसईचे ख्रिस्ती लोक कोठेही गेले नाहीत. ते येथलेच होते, जाणार कोठे? शेती, मासेमारी, बागाईत करणारी ही माणसे घरात मराठीचीच एक बोली बोलत, आणि लग्नात मराठी गाणी म्हणत. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली त्या सुमारास, त्यांनी मुंबईत आपली संस्था काढून 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. मंडपेश्वराच्या शेजारीच त्यांचे गिरजाघर आहे आणि ते नांदते आहे. सणाच्या दिवशी एका कुंपणापलीकडे घंटा वाजते व अलीकडे शंख. मधल्या रस्त्यावर फुलवाले दोन्हीकडची गिऱ्हाइके सांभाळतात.

वर ज्या पोटकलमाचा उल्लेख केला ते हेच. मंडपेश्वर हे खडकातील ख्रिस्तमंदिर होते, पण ख्रिस्तासाठी ते कोरलेले नव्हते. मग पहिल्यापासून ख्रिस्तमंदिर म्हणूनच कोरलेले मंदिर कोठे आहे? त्यासाठी आपल्या प्रवाशास समुद्र ओलांडून हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, गेले पाहिजे. हा देश नगरच्या माणसास वाटतो तितका परका नाही. निजामशाही अखेरच्या काळात ज्याने हिमतीने तगवून धरली तो मलिक अंबर जन्माने हबशी. गुलाम म्हणून विकला जात जात तो दख्खनेत आला, नगरच्या दरबारात चढत गेला, आणि १६२६ साली वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. तेथून वेरुळ हाकेच्या अंतरावर. म्हणजे हबसाणात जन्मलेला हा पुरुष कैलास लेण्याच्या शेजारी चिरनिद्रा घेत आहे.

हा योगायोग बोलका आहे, कारण कैलास आणि हबसाणातील मंदिरे यांची करणी एकच. ढोकेश्वर अथवा मंडपेश्वर समोरून, आत शिरत शिरत कोरलेले. कैलास वरून खाली. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी भोवताली खंदक खणून मध्ये डोंगराचा ठोकळा मोकळा केला व शिखरापासून पायथ्याकडे कोरीत आणला. तेच इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातील लालिबेला या गावी झाले. बाराव्या शतकाच्या अखेरीस व तेराव्याच्या आरंभी तेथे लालिबेला नावाचा राजा होता. त्याच्यावरूनच गावास नाव पडले. त्याच्या नावे अकरा ख्रिस्तमंदिरे सांगतात. त्यांतील संत जॉर्जचे मंदिर, तेथील भाषेत 'बेत गियोर्गिस', सर्वांत देखणे. प्रवासी सपाट खडकावरून चालत जातो आणि एकाएकी पायांशी चौकोनी खड्डा उघडतो. त्या खड्ड्यात, सुमारे बारा मीटर खाली जाणारा, क्रूसाच्या आकाराचा एकसंध मनोरा उभा असतो. त्याचे सपाट छत पाहणाऱ्याच्या पावलांच्या पातळीवर, आणि त्या छतावर एकात एक कोरलेले तीन क्रूस. खाली उतरण्यास खडकातीलच अरुंद चर. दगड तोही ज्वालामुखीचाच, आमच्या सह्याद्रीच्या भाऊबंदांतला, मात्र रंगाने तांबूस.

कथादेखील भाऊबंदांतल्याच. आमच्याकडे पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली. तिकडे दिवसा माणसे जेवढे काम करीत, त्याच्या दुप्पट रात्री देवदूत करीत. संत जॉर्ज स्वतः घोड्यावर बसून राजास जाब विचारण्यास आला, की सर्वांची मंदिरे केलीस, माझे कोठे आहे? त्या घोड्याच्या टापांच्या खुणाही भाविकास दाखविण्यात येतात. यरुशलेमेची आठवण म्हणून तेथील एका चरास यार्देन नदीचे नाव दिले आहे, जसे आपल्याकडे गावोगावच्या ओढ्यास गंगा म्हणतात.

केडगावच्या प्रवाशास तेथे वावरताना पुष्कळ गोष्टी घरच्या वाटतील. मंदिरात जाण्यापूर्वी पादत्राणे बाहेर काढावी लागतात. पुरोहित ढोल व झांजेसारखी खुळखुळणारी वाद्ये घेऊन डोलत डोलत स्तोत्रे गातात. त्यांच्या नाताळास, म्हणजे जानेवारीच्या ७ तारखेस, पांढरी वस्त्रे पांघरलेले यात्रेकरू दूरदूरून पायी येतात आणि खड्ड्याच्या कडा माणसांनी फुलून जातात. ज्याने वारी पाहिली आहे त्यास हे निराळे सांगावे लागणार नाही. १९७८ साली युनेस्कोने ही मंदिरे जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत घातली. पावसाने दगड झिजतो म्हणून काहींच्या वर आता मोठी छते उभारली आहेत. त्यांनी शोभा थोडी उणावते, परंतु दगड वाचतो. २०२१ साली तेथील यादवी युद्धाची झळ या गावासही लागली होती. तेव्हा जाण्यापूर्वी त्या मुलखाच्या शांततेची चौकशी करणे हे शहाणपणाचे.

लालिबेला प्रथम पाहून लिहिणाऱ्या युरोपीयांत फ्रान्सिस्कु आल्वारिश हा पोर्तुगीज पाद्री प्रमुख होय. १५२० साली हिंदुस्थानातून गेलेल्या पोर्तुगीज आरमाराबरोबर तो हबसाणच्या किनाऱ्यास उतरला व सहा वर्षे त्या देशात राहिला. त्याचे पुस्तक १५४० साली प्रसिद्ध झाले. मंदिरांचे वर्णन करता करता तो थांबतो, कारण आणखी लिहिले तर लोक खोटे मानतील अशी त्यास भीती वाटते. खडकातून मंदिर निर्माण होते हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही नवल वाटले. आणि त्याचे पुस्तक निघाल्यावर थोड्याच वर्षांत, त्याच्याच देशाचा, त्याच्याच धर्माचा दुसरा मनुष्य साष्टी बेटात तशाच खडकातील मंदिरापुढे उभा राहिला. त्याला मात्र त्यात नवलापेक्षा अडचण अधिक दिसली. दगड तोच, श्रम तेच, भक्तीही तीच. आतला देव निराळा एवढ्यावरून एकाने लेखणी उचलली व दुसऱ्याने छिन्नी.

इतके पाहून झाल्यावर प्रवाशाने मंडपेश्वरास एकवार पुन्हा जावे, आणि त्या क्रूसासमोर उभे राहावे. काही पाहणारे तेथे संतापतात. त्यांचा संताप अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. काही मान फिरवून पुढे जातात. 'तो खरवडून टाकावा' असे म्हणणाराही एखादा भेटेल. त्यास टाकळी ढोकेश्वरच्या धड्याची आठवण द्यावी. खडकात बदल करता येत नाही, फक्त उणे करता येते. मूर्ती होती तिच्यातून उणे करून क्रूस झाला; आता त्यातून आणखी उणे केले तर मूर्ती परत येणार नाही, क्रूसही जाईल, आणि उरेल तो केवळ एक खड्डा. शिवाय साडेचारशे वर्षांवरील तो क्रूस आज स्वतःच पुराणवस्तू झाला आहे. कोणा अज्ञात पाथरवटाने तो कोरला. बहुधा येथल्याच कोणी मराठी बोलणाऱ्याने, कारण हा दगड हाताळण्याची विद्या लिस्बनहून आलेली नव्हती.

तेथे जाण्यास पावसाळा टाळावा. सखल जागा असल्याने आवारात पाणी साचते. दिवसाच जावे, तरी हाती एखादी विजेरी ठेवावी. झोत भिंतीवर सरळ न टाकता बाजूने तिरपा धरावा. क्रूसाच्या कडेने छिन्नीचे घाव स्पष्ट उमटतात, आणि नटराजाच्या मोडक्या हातांच्या सावल्या मागच्या दगडावर पडतात.